लाल वहीचा रिव्ह्यू: १४३ आठवड्यांची उधारी

वही २६० रुपयांची. सांगलीत गणपती पेठेत घेतली, दिवाळीच्या तोंडावर. लांबट, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, पांढऱ्या जाड दोऱ्यानं शिवलेली, वरून गुंडाळायला एक दोरी. दुकानदार तिला रोजमेळ म्हणतो, आमच्या पेढीवर कीर्द म्हणतात. आता ती बहुतेक लोक पूजेपुरतीच घेतात. मार्केट यार्डातले हिशोब केव्हाच टॅलीत गेले. लक्ष्मीपूजनाला पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, श्री, शुभ-लाभ, दोन फुलं, आणि मग वही वर्षभर कपाटात कोरीच्या कोरी. मी मात्र ती ५७ आठवडे भरतेय, आणि भरतेय भलत्याच कामासाठी. म्हणून हा रिव्ह्यू.

काम काय, ते आधी सांगते. १००१ दिवसांत १०१ गोष्टी करायच्या, असा एक खेळ इंटरनेटवर बरीच वर्षं चालू आहे. मुलगी पुण्यात असते, तिनं २०२३ च्या डिसेंबरात हे माझ्या डोक्यात घातलं. "आई, वर्षाचे संकल्प फेब्रुवारीत मरतात. यात पावणेतीन वर्षं मिळतात." मी हळदीच्या अडत दुकानात हिशोब बघते, वय ४९. मला संकल्पाचं फार कौतुक नाही, आकड्याचं आहे. १००१ ला ७ नं भागून पाहिलं आणि गप्पच बसले. बरोबर १४३ आठवडे, बाकी शून्य. १४३ म्हणजे ११ गुणिले १३. म्हणजे १३ आठवड्यांची एक तिमाही धरली तर ११ तिमाह्या, तिथंही बाकी शून्य. इतका स्वच्छ आकडा समोर आल्यावर नाही म्हणणं माझ्यासारखीला जमत नाही. १ जानेवारी २०२४ ला सोमवारच होता. शेवटचा दिवस येतो २७ सप्टेंबर २०२६, रविवार. पितृपक्ष लागतो त्या दिवशी. सासूबाईंनी कॅलेंडर बघून एवढंच विचारलं, "दुसरा दिवस मिळाला नाही का तुला?"

वही मी पहिल्या दिवसापासून वापरत नव्हते. आधीचे दहा महिने दोन गोष्टींत घालवले, आणि त्या कशा होत्या हे सांगितल्याशिवाय वहीचं महत्त्व कळणार नाही.

पहिली, मुलीनं मोबाइलवर टाकून दिलेलं ॲप. रात्री नऊ वाजता टिंग करायचं. रोज काहीतरी केलं की हिरवा गोल, आणि सलग किती दिवस झाले त्याची साखळी. पहिला महिना मी त्या साखळीच्या प्रेमात होते, खोटं कशाला बोलू. फेब्रुवारीत यार्डात हळदीची आवक वाढली. सौदे संपून पट्ट्या (शेतकऱ्यांच्या विक्रीचे हिशोब) करून घरी यायला साडेनऊ-दहा व्हायला लागले. एका रात्री झोप लागली आणि सकाळी बघते तर ४१ दिवसांची साखळी शून्यावर. शून्य! ४१ दिवस जे केलं ते काय पाण्यात गेलं? आमच्याकडे एखाद्या गिऱ्हाइकाचा एक हप्ता चुकला म्हणून त्याचे आधीचे ४१ हप्ते पुसून टाकले तर तो दुकानात येऊन बसेल. मी ॲप काढलं. ज्यांचं रोजचं काम ठरलेल्या वेळी संपतं त्यांना ते चालत असेल.

दुसरी, ऑनलाइन मागवलेला प्लॅनर, ८९९ रुपये. कागद सुरेख, गुळगुळीत. दर आठवड्याला दोन पानं, कृतज्ञतेचा चौकोन, मूडचे चेहरे, पाण्याचे ग्लास रंगवायची जागा. दोन दोष. एक तर आठवडे ५२. मला लागणार १४३, म्हणजे तीन प्लॅनर, २,६९७ रुपये. दुसरा दोष मोठा आणि तो मला ऑक्टोबरापर्यंत दिसलाच नाही. प्रत्येक आठवडा कोऱ्या पानानं सुरू होतो. सोमवारी छान अक्षरात लिहायचं, रविवारी राहिलं ते राहिलं, पुढच्या सोमवारी पुन्हा छान अक्षरात तेच लिहायचं. एका संध्याकाळी सहज मागची पानं चाळली. "मोडी – एक पान", म्हणजे घरातल्या जुन्या मोडी लिपीतल्या वहीचं एक पान वाचायचं, हे मी सलग १९ सोमवार लिहिलं होतं. १९ वेळा! आणि वाचलेली पानं किती, तर दोन. प्लॅनरनं मला एकदाही हटकलं नव्हतं. दर सोमवारी तो माझी पाटी पुसून देत होता, आणि मला वाटत होतं मी नव्या उत्साहानं सुरुवात करतेय.

हे मी दुपारी डबा खाताना पेढीवरच्या जुन्या दिवाणजींना सांगितलं. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत, रोज येत नाहीत, आले की दोन तास बसतात. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "बाकी कुठं ओढताय?" मी म्हटलं, कसली बाकी? तर म्हणाले, "ताई, बाकी ओढल्याबिगर पान उलटायचंच नाही. हे मीच शिकवलं ना तुम्हाला?"

शिकवलं होतं. २२ वर्षांपूर्वी. त्या दिवाळीला, म्हणजे २०२४ च्या पाडव्याला, ४४ वा आठवडा चालू असताना, मी प्लॅनर बंद केला आणि वही उघडली.

आता वहीकडे येते. आत छापील रेघा नाहीत, तारखा नाहीत, काहीच नाही. पानांना उभे सळ पाडलेले असतात, तेच रकाने. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला वाटतं वही कुठंतरी दुमडून खराब झालीय. पण बोटाला तो सळ लागतो आणि आकडा आपोआप एकाखाली एक पडतो. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. माझी पद्धत साधी आहे. आठवड्याला जे करायचं ठरलंय ते माझ्या नावे पडतं, जणू मी उधारीवर माल नेलाय. जे केलं ते जमा. खाली फरक काढायचा आणि तो पुढच्या पानाच्या माथ्यावर "मागील बाकी" म्हणून लिहायचा. तो लिहिल्याशिवाय पुढचं पान सुरूच होत नाही. बस, एवढंच तंत्र आहे. मला जे प्लॅनरमध्ये १९ आठवडे दिसलं नाही ते इथं तिसऱ्याच आठवड्यात टोचायला लागलं, कारण आकडा वाढत जातो आणि तो आपल्याच हातानं लिहावा लागतो.

एक पान उघडून दाखवते. ८७ वा आठवडा, २५ ते ३१ ऑगस्ट २०२५. माथ्यावर श्री. उजवीकडे नावे: चाल, मागील बाकी १५३ किलोमीटर, चालू १४, एकूण १६७. मोडी, मागील बाकी ६ पानं, चालू १, एकूण ७. बचत ८७० रुपये, मागील बाकी नाही. डावीकडे जमा: चाल ४. मोडी ०. बचत ८७०. बाकी चाल १६३, मोडी ७. त्याखाली बारीक अक्षरात "बुधवारी गणपती. मोदक ५१, दोन वेळा पाहुणे." एवढंच. मोदकांना जमेत घ्यायचा मोह झाला होता, पण १०१ च्या यादीत मोदक नाहीत. ॲपवर हा आठवडा म्हणजे नुसते करडे गोल दिसले असते. वहीत तो चार किलोमीटर आणि ८७० रुपयांचा आठवडा आहे. शून्याचा नाही.

चालीचा हिशोब असा की यादीत २,००० किलोमीटर लिहिलेत. आठवड्याला १४ धरले की १४३ आठवड्यांत २,००२ होतात. घरापासून हरिपूरचं संगमेश्वराचं देऊळ जाऊन-येऊन माझ्या फोनवर सात किलोमीटर भरतं, म्हणजे आठवड्यातून दोन फेऱ्या. रस्ता झाडांचा आहे, शेवटी कृष्णा आणि वारणा मिळतात. वाटेत हळदीच्या पेवांची जमीन लागते. जमिनीखाली खोल पेवं करून त्यात हळद वर्षानुवर्षं ठेवायचे, २००५ च्या पुरात बरीच निकामी झाली. सासरे त्या पेवांचे भाव तोंडपाठ सांगायचे. ते असो. १०० वा आठवडा ३० नोव्हेंबर २०२५ ला संपला. तोवर १,४०० व्हायला हवे होते, झालेत १,२१२. बाकी १८८. उरलेल्या ४३ आठवड्यांत ७८८ किलोमीटर, म्हणजे आठवड्याला १८ च्या वर. दोनाच्या अडीचहून जास्त फेऱ्या. होईल असं वाटतं, पण हळदीच्या हंगामात नाही, हेही वहीच सांगते, कारण गेल्या फेब्रुवारी-मार्चची पानं उलटून पाहिली की तिथं ५, ३, ६, ४ असे आकडे आहेत. म्हणून डिसेंबर-जानेवारीतच जास्तीचं चालून ठेवायचं ठरवलंय.

बचतीत मात्र मी चांगलीच फसले, आणि त्यात वहीचा दोष नाही, माझाच. पहिल्या आठवड्याला १० रुपये, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला ३०, असं १४३ व्या आठवड्याला १,४३०. एकूण १,०२,९६० रुपये. यादी करताना केवढं गोड वाटलं होतं! दहा रुपये तर भाजीत सुटतात. आता १०० आठवडे झाले, सगळे पैसे वेळेवर भरले, एकदाही बाकी नाही, आणि आगाऊ भरलेले सोडले तर डब्यात नि बँकेत मिळून आहेत ५०,५००. आठवडे ७० टक्के सरले, पैसे निम्मेही नाहीत. उरलेल्या ४३ आठवड्यांचे होतात ५२,४६०, सरासरी आठवड्याला १,२२०. मी लोकांच्या व्याजाचे तक्ते करते आणि स्वतःच्या घरी ही चढती भाजणी मला दिसली नाही. कुणी नव्यानं असं करणार असेल तर उलटं करा. पहिल्याच आठवड्याला सगळ्यात मोठी रक्कम टाका आणि उतरत या, उत्साह असतो तेव्हा खिसाही सैल असतो. मी यंदा दिवाळीच्या बोनसमधून शेवटच्या पाच आठवड्यांचे ७,०५० रुपये आगाऊ भरून टाकले. वहीत त्यासाठी "आगाऊ जमा" असं वेगळं पान आहे. प्लॅनरमध्ये पुढचं भरून ठेवायला जागाच नव्हती.

वहीबरोबर पेढीचे आणखी दोन नियम आपोआप आले, आणि मला वाटतं खरा फायदा त्यांचाच.

एक, उचंत खातं. पेढीवर एखादी रक्कम आली पण कुणाची ते कळत नसेल तर ती उचंतात टाकतात, नंतर खुलासा झाला की योग्य खात्यावर नेतात. माझ्या यादीत अशा गोष्टी होत्या ज्या मी लिहिल्या कशासाठी हेच मला आता आठवत नाही. "फ्रेंच टोस्ट शिकणे." कोण खाणार? "जुन्या मैत्रिणीला पत्र." कुठली मैत्रीण ते लिहिलंच नाही. अशा नऊ गोष्टी उचंतात आहेत. त्यांची आठवड्याला बाकी ओढत नाही, पण त्या डोळ्यांसमोर राहतात. यातलं पत्र आता खुलाशाच्या वाटेवर आहे, कारण एका लग्नात एक जण भेटली आणि मला वाटलं, हीच ती.

दुसरा, बुडीत. पेढीवर वसूल न होणारी उधारी बुडीत म्हणून सोडून देतात, तसं यादीतलं नको ते सोडायचं. पण बुडीत फक्त पाडव्याला काढायचं. मनात आलं म्हणून मंगळवारी रात्री कंटाळून "हे नको" असं म्हणता येत नाही, दिवाळीपर्यंत थांबायचं. २२ ऑक्टोबर २०२५ च्या पाडव्याला मी सात गोष्टी बुडीत खाती टाकल्या. पोहणं त्यात आहे, दुःख नाही. सतार त्यात आहे, थोडं आहे. पण मार्चमध्ये मला ज्या दहा-बारा नकोशा झाल्या होत्या त्यातल्या पाच दिवाळीपर्यंत होऊन गेल्या होत्या. त्यात अक्कलदाढ काढून घेणं हेही होतं. ती नोंद बघून सासूबाई भडकल्या. वही म्हणजे लक्ष्मी, तिच्यात दाढ कशी लिहितेस? आता दाताच्या, दवाखान्याच्या नोंदी मी शेवटच्या पानावर उलट्या बाजूनं लिहिते. घरात शांतता आहे.

खोडायचं नाही, हा नियम तर सगळ्यांत जुना. आकडा चुकला तर त्यावर गिरवायचं नाही, खाली दुरुस्तीची ओळ लिहायची. ६३ व्या आठवड्यात मी हरिपूरच्या फेऱ्या तीन लिहिल्यात आणि खाली "एक फेरी रिक्षानं परत, वजा ३.५." दोन्ही ओळी तिथंच आहेत. मुलगी आली होती तेव्हा ते पान बघून दहा मिनिटं हसत होती. म्हणाली, "आई, तुझं कोण ऑडिट करणारे?"

तोटे. ते आहेत आणि मी लपवणार नाही.

कापडाचा रंग जातो. पावसाळ्यात हाताला, पदराला, एकदा तर कणकेला लागला. मी वरून ब्राउन पेपर घातला, मग तिचं लाल वहीपण गेलं. शाईच्या आणि जेल पेनानं मागच्या पानावर उमटतं, साधं बॉलपेनच लागतं. पुठ्ठा खळीनं चिकटवलेला आहे, त्यामुळे कसर (कागद खाणारी कीड) लागायची भीती, मी कडुनिंबाचा पाला ठेवते. पर्समध्ये मावत नाही, प्रवासात नेता येत नाही, मग आठवडाभरातलं चिठ्ठीवर लिहून रविवारी उतरवायचं. मागचं काही शोधायचं तर पानं चाळत बसा. आणि आठवड्याचे क्रमांक नि तारखा आपणच घालायच्या. मी सुरुवातीला एका बैठकीत १४३ पर्यंतच्या सगळ्या तारखांची यादी केली, दीड तास गेला, एक चूक निघाली. मुलगी म्हणते हे सगळं एक्सेलमध्ये पाच मिनिटांत होतं. होतं की. दिवसभर मी तेच करते. रविवारी रात्री भांडी आवरल्यावर पुन्हा स्क्रीन उघडायची माझी छाती होत नाही. वहीला वीस मिनिटं लागतात, शेजारी भडंगाची वाटी.

पाचात किती म्हणाल तर चार. अर्धा रंगाचा कापला, अर्धा त्या कसरीच्या भीतीचा.

मोडीचं राहिलं. ट्रंकेत आजेसासऱ्यांची एक वही आहे, ९६ पानं, सगळी मोडीत. अशीच सळाची, फक्त कागद पिवळा. ती वाचायची हे यादीतलं आठवं काम. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग लेखणी फारशी न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात, त्यामुळे शब्द कुठं संपला हेच पहिले सहा महिने कळत नव्हतं. आत्तापर्यंत ४१ पानं झाली. बहुतेक गुळाचे, हळदीचे, बैलगाडीच्या भाड्याचे आकडे. ३८ व्या पानावर मात्र तळाशी एक ओळ होती, तिला मला दोन रविवार लागले. "मागील पानावरून ओढलेली बाकी चुकली, दुरुस्त केली." दिवाणजींना दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली, आणि म्हणाले, "दोन रुपये चौदा आण्यांची चूक आहे ही. बघा, पुढं सापडेल."

१०० आठवड्यांची तेरीज, म्हणजे गोळाबेरीज: १०१ पैकी झाल्या ४६, बुडीत ७, उचंत ९, चालू ३९. तेरीज मी दर १३ आठवड्यांनी करते, ही मधेच केली, १०० आकडा आला म्हणून.

विकत घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. पानं मोजून घ्या. माझी वही २०० पानांची. ४४ ते १४३ म्हणजे बरोबर १०० आठवडे, आठवड्याला दोन पानं, मला वाटलं नेमकी पुरली. पण स्वस्तिक, यादी, आगाऊ, उचंत, बुडीत यांत सहा पानं गेली आणि तेरजांना आठ लागणार. म्हणजे शेवटचे सात आठवडे वहीबाहेर. दुकानदार या वह्या दिवाळीलाच आणतो आणि माझे १००१ दिवस २०२६ च्या दिवाळीआधीच संपतायत. म्हणून यंदा परत गेले. वसुबारसेच्या आधी जायला हवं होतं, मी धनत्रयोदशीला गेले, मोठ्या सगळ्या संपलेल्या. त्यानं खालच्या फळीवरून एक ५० पानांची काढून दिली, ९० रुपये, कोपरा जरा दबलेला. दहा रुपये कमी कर म्हटलं तर म्हणाला, "वहिनी, लक्ष्मीला घासाघीस?" घेतली. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावून देवघराच्या बाजूला ठेवलीय, आणि बजावून ठेवलंय की हिच्यात दाढबिढ काही लिहायचं नाही.